तिसऱ्या भेटीला चौघेच: नव्या डिझाइन पदवीधरांच्या गटाचा प्रकरण अभ्यास

पदवी हातात पडून आठ महिने झालेले. बॅचमधल्या ३४ जणांपैकी काहींना स्टुडिओत नोकरी लागलेली, काही इंटर्नशिपच्या दुसऱ्या मुदतवाढीवर, काही घरून फुटकळ लोगो-पोस्टरची कामं करणारे. काहींच्या पोर्टफोलिओवर अजून शेवटचा हात फिरायचा होता. त्यातल्या पाच जणांनी मनावर घेतलं: आता नियमित भेटायचं, काम दाखवायचं, एकमेकांना धरून राहायचं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला आणि इतर बॅचचे धरून दोन दिवसांत ६१ जण आत आले. पहिल्या भेटीला १९ जण आले, दुसऱ्या भेटीला ११. तिसऱ्या भेटीला चौघे होते, आणि ते चौघेही मूळ पाचांतलेच.

हे कुण्या एका गटाचं चरित्र नाही. अशा गटांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र बांधून हे प्रकरण उभं केलं आहे, त्यामुळे गटातले आकडेही या मांडणीचेच आहेत. गट कसा मोडतो आणि तोच गट पुन्हा कसा उभा करता येतो, हे एकाच ठिकाणी सलग पाहता यावं एवढ्यासाठी ही मांडणी.

पहिल्या तीन भेटी

पहिल्या भेटीत ओळखपरेड झाली. नाव, कॉलेज, सध्या कुठे? प्रत्येकाने तीनेक मिनिटं घेतली. एकोणीस त्रिक सत्तावन्न, म्हणजे जवळजवळ तास ओळखीतच गेला. वेळ गेला ते एक वेळ चालेल, पण "सध्या कुठे?" हा प्रश्न फार महागात पडला. सात जणांना कुठेच काम नव्हतं. सातही वेळा खोलीत तेच वाक्य घुटमळलं: "सध्या... बघतेय." त्या सातांपैकी सहा जण पुढच्या भेटीला फिरकले नाहीत. उरलेल्या वेळात "आपण काय काय करू शकतो" यावर चर्चा झाली. फळ्यावर चौदा कल्पना चढल्या: प्रदर्शन, अंक, कार्यशाळा, पॉडकास्ट. एकीपुढेही कुणाचं नाव नव्हतं की तारीख नव्हती.

दुसऱ्या भेटीला एका अनुभवी डिझाइनरला बोलावलं. ते दीड तास बोलले आणि चांगलं बोलले. नंतर सगळे त्यांच्याभोवती जमले, पोर्टफोलिओच्या लिंक दिल्या आणि पांगले. अकरा जण एका खोलीत दोन तास बसले, पण त्यांच्यापैकी कुणी दुसऱ्याचं काम पाहिलं नाही.

तिसऱ्या भेटीची तारीख मतदानाने ठरवली. सहा पर्याय दिले, जिंकलेल्या पर्यायाला नऊ मतं पडली, आणि आले चौघे. तारखेसाठी मतदान घेणं दिसायला लोकशाही, पण अशा गटाला ते मारक ठरतं. ज्याचा पर्याय हरला तो मनातून मोकळा होतो. ज्याचा जिंकला त्यालाही वाटतं, पुढच्या वेळी पुन्हा विचारतीलच. भेटीचा दिवस दर वेळी नव्याने ठरत असेल, तर यायचं की नाही हेही दर वेळी नव्याने ठरवावं लागतं. आठवडाभराच्या कामाने दमलेला माणूस बहुतेक वेळा 'नाही' असंच ठरवणार.

नेमकं काय हरवलं होतं

पाच जणांचं स्वतःचं निदान होतं, "लोकांना कमिटमेंट नाही." हे निदान चुकीचं आहे, असं आम्ही ठामपणे म्हणतो. हेच लोक वर्षभरापूर्वी सबमिशनच्या आदल्या रात्री तीन वाजेपर्यंत जागून मॉडेल चिकटवत होते.

पदवीनंतर सोबत सुटते असं सगळे म्हणतात. सोबत फोनवरही टिकते. खरं सुटतं ते क्रिट, म्हणजे एकमेकांचं काम समोर ठेवून केलेली चिकित्सा. दर आठवड्याला भिंतीवर लावलेलं अर्धवट काम, त्यापुढे उभे राहिलेले आठ-दहा जण, आणि "पुढच्या गुरुवारी बदल दाखव" असं सांगणारं कुणीतरी. कॉलेजात हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की तीच आपली खरी शिदोरी होती, हे बाहेर पडल्यावरच कळतं. नोकरीत क्रिट असतं, पण तिथे प्रश्न क्लायंटला काय आवडेल हा असतो. फ्रीलान्स करणाऱ्याला तेवढंही मिळत नाही.

म्हणून गटाच्या उभारणीचा पाया एवढाच धरला: प्रत्येक भेटीत कुणाचं तरी अपुरं काम भिंतीवर लागलं पाहिजे. बाकी सगळं त्याच्या सोयीने.

पुन्हा मांडणी

पाचातल्या दोघांनी निमंत्रक व्हायचं ठरवलं, एक ग्राफिकवाली आणि एक इंटरॅक्शनवाला (अ‍ॅप-वेबसाइट वापरायला कशी असतील ते आखणारा). तारीख कायमची ठोकून टाकली: एक आड एक शनिवार, संध्याकाळी ५ ते ७. मतदान बंद.

महिन्यातून एकदा का नको? कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, नुसत्या ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात. पंधरवड्याला दोन तास धरले तर वर्षाचे ५२ तास होतात, महिन्याला दोन धरले तर २४. म्हणजे मासिक गटात लोक दोन वर्षं एकमेकांना परकेच राहतील, आणि नव्या पदवीधराच्या आयुष्यात दोन वर्षांत शहर, नोकरी, सगळंच बदललेलं असतं. दर आठवड्याला भेटणं पहिला महिना छान चालतं, मग नोकरीवाले गळतात.

दुसरा बदल माणसांच्या निवडीत. सगळे एकाच बॅचचे असले की कामाच्या बातम्याही सगळ्यांकडे त्याच असतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं होतं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी केवळ १६.७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटत होते. ५५.६ टक्के अधूनमधून भेटत आणि २७.८ टक्के क्वचितच. ती पाहणी लहान होती, ५४ जणांची, पण तिचा रोख स्पष्ट आहे. म्हणून बारा जागांपैकी सहा आपल्या बॅचला आणि सहा बाहेरच्यांना, असं ठरलं. बाहेरचे म्हणजे दुसऱ्या कॉलेजचे, दुसऱ्या शाखेचे, एक-दोन वर्षं आधी पास झालेले. टेक्स्टाइलवाली, प्रॉडक्टवाला, मोशन ग्राफिक्स करणारी एक, टाइप डिझाइनकडे, म्हणजे अक्षरांच्या घडणीकडे वळलेला एक.

बाराच का? सगळ्यांनी एक मिनिट बोलायचं म्हटलं तर बारा मिनिटं जातात, आणि तेवढी परवडतात. शिवाय रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये नोंदवलं होतं की मोकळ्या गप्पांचा घोळका चारच्या पुढे गेला की तो फुटायला लागतो. बाराचे चार-चारचे तीन घोळके होतात. पाच-सहा जणांच्या घोळक्यात कुणीतरी नुसतं ऐकतच बसतं, आणि ते बहुतेक वेळा नवीन आलेलंच माणूस असतं.

आमंत्रण ग्रुपवर टाकलं नाही. निमंत्रकांनी १८ जणांना स्वतंत्र निरोप पाठवले. निरोपाचा नमुना असा:

"शनिवारी ५ ते ७ भेटतोय, बारा जण. तुझं ते फॉन्टवर अडलेलं कॅलेंडर अर्धवट आहे तसंच घेऊन ये, ए३ वर दोन प्रिंट पुरेत. दाखवायचं नसेल तरी ये, पहिल्या वेळी नुसतं बघितलंस तरी चालेल. येतेस का, गुरुवारपर्यंत कळव."

या निरोपात त्या माणसाच्या एका विशिष्ट कामाचा उल्लेख आहे, काम अर्धवट आणायची मुभा आहे, आणि उत्तराला तारीख आहे. "सगळ्यांनी नक्की या" हे वाक्य कुणालाच उद्देशून नसतं, म्हणून त्याला उत्तरही कुणी देत नाही. अठरापैकी चौदा होकार आले आणि अकरा जण प्रत्यक्ष पोचले.

जागा आणि सामान

हॉटेल-कॅफेत भिंत मिळत नाही, आवाज असतो, आणि काहीतरी मागवावं लागतं. ज्याला अजून पगार सुरू झालेला नाही त्याला ते दर पंधरवड्याला जड जातं. कुणाच्या घरी भेटलं की यजमान चौथ्या वेळी थकतो, आणि अनोळखी घरी जायला नवीन मुली कचरतात. सगळ्यांत बरी जागा म्हणजे ग्रंथालयातली खोली, कॉलेजचा सुट्टीच्या वेळचा स्टुडिओ किंवा एखाद्या लहान ऑफिसची मीटिंग रूम. मागताना तारखा, वेळ, माणसांची संख्या आणि किल्लीची जबाबदारी कुणाची, हे चारही मुद्दे लेखी द्यावेत. होकार लवकर येतो.

भिंत साधारण तीन मीटर मोकळी हवी. आडवा ए३ कागद ४२० मिलिमीटर रुंद असतो, त्यामुळे मध्ये पाच-पाच सेंटिमीटर सोडून सहा कागद पावणेतीन मीटरच्या किंचित पुढे जातात. कागदाचा मध्य जमिनीपासून सुमारे १५० सेंटिमीटरवर ठेवावा. पिशवीत मास्किंग टेप (रंगाला धरत नाही, आधी कोपऱ्यात लावून पाहावा), स्टिकी नोट्सचे दोन रंग, जाड मार्कर, स्टीलची पट्टी, एक्स्टेन्शन बोर्ड आणि एक टायमर. टायमर वेगळा हवा, कारण फोन हातात घेतला की मेसेज दिसतात.

प्रोजेक्टर मुद्दाम वगळला आहे. तो लावायचा तर दिवे घालवावे लागतात, मग सगळे एका दिशेला तोंड करून बसतात आणि क्रिटचं भाषण होतं. स्क्रीनचं काम असेल तरी स्क्रीन खऱ्या मापात छापून लावावेत. मोशनचं काम तेवढं लॅपटॉपवर, तेही सहा फ्रेम छापून भिंतीवर लावल्यानंतर.

दोन तासांचा हिशेब

५:०० ला दार बंद होत नाही, पण काम सुरू होतं, तिघेच असले तरी. पहिली दहा मिनिटं कागद लावायला. ५:१० ते ५:२२ फेरी: प्रत्येकी एक मिनिट, नाव आणि "या पंधरवड्यात माझ्या टेबलावर काय आहे, कुठे अडलंय" एवढंच. नोकरीचा उल्लेख करायचा नाही. ज्याच्याकडे काम नाही तोही त्यामुळे इतरांच्या बरोबरीने बोलतो.

५:२२ ते ६:३४ तीन कामं, प्रत्येकी २४ मिनिटं. त्यात ४ मिनिटं मांडणी, ३ मिनिटं सगळ्यांनी गप्प राहून पाहायचं, ५ मिनिटं फक्त प्रश्न, १० मिनिटं मतं, आणि शेवटची २ मिनिटं कामाच्या धन्याची: "पुढच्या वेळेपर्यंत मी हे-हे बदलणार." नंतर सहा मिनिटं पाय मोकळे करायला, ६:४० पासून पाव तास कामाच्या बातम्या, आणि शेवटची पाच मिनिटं पुढच्या तिघांची नावं लिहून घ्यायला. नावं लिहिल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

तीन मिनिटांची शांतता सुरुवातीला अवघड जाते. ती काढून टाकावीशी वाटते, पण काढू नये. तिच्याशिवाय जो सर्वात चटकन बोलतो त्याचंच मत सगळ्यांचं मत होऊन बसतं.

प्रश्न आणि मतं वेगळी करण्याची पद्धत नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांच्या प्रतिसाद-पद्धतीवरून घेतली आहे. १९९० मध्ये त्यांनी ती मांडायला घेतली. त्यात आधी कामात काय भावलं ते सांगायचं, मग कलावंत स्वतः प्रश्न विचारतो, मग बघणारे तटस्थ प्रश्न विचारतात, आणि मत सर्वात शेवटी, तेही परवानगी घेऊन. "इतका भडक लाल का घेतलास?" हा प्रश्न नाही, ते प्रश्नचिन्ह लावलेलं मत आहे. "लाल ठरवताना कोणते पर्याय बाजूला ठेवलेस?" हा प्रश्न. हा फरक हाताला लागायला तीन-चार भेटी जातात.

एक क्रिट, जवळून

पुनर्रचनेनंतरच्या दुसऱ्या भेटीत एकीने वेळ नोंदवण्याच्या अ‍ॅपचा फॉर्म लावला. सहा स्क्रीन, खऱ्या मापात छापलेले. प्रश्नांच्या पहिल्या दोन मिनिटांत "क्लीन आहे", "छान मोकळं वाटतंय" अशी मतं पुढे यायला लागली, तेव्हा वेळ सांभाळणाऱ्याने आठवण दिली की अजून प्रश्नच चालू आहेत. मग टाइपवाल्याने विचारलं, "सूचनांचा राखाडी रंग किती आहे?" तिने सांगितलं, हेक्स कोडमध्ये (रंगाच्या सहा अंकी संगणकी खुणेत) सहा वेळा सात. त्याने हिशेब लावला. पांढऱ्यावर त्या राखाडीचं कॉन्ट्रास्टचं प्रमाण ४.४८ येतं, आणि साध्या आकाराच्या मजकुराला वेब सुगम्यतेच्या निकषांत एए पातळीला ४.५ लागतं. थोडक्यात हुकलेलं. प्रत्येक जोडीतला दुसरा अंक एकाने कमी केला तरी तो बसतो, सात-सहा, सात-सहा, सात-सहा असं लिहिलं की ४.५४.

डोळ्याला फरक दिसणार नाही इतका छोटा बदल, पण चर्चेचा सूर त्याने पालटला. "छान" वरून बोलणं "कुणाला वाचता येणार नाही" यावर आलं. पुढच्या सात मिनिटांत निघालं की चूक झाल्याचा संदेश फक्त लाल रंगाने कळतो, शब्दाने नाही, आणि रंग ओळखू न येणाऱ्याला तो कळणारच नाही. तिने शेवटच्या दोन मिनिटांत लिहून घेतलं: राखाडी बदलायचा, चुकीच्या रकान्याखाली वाक्य घालायचं, फॉर्मचे ११ रकाने ७ वर आणता येतात का पाहायचं. पंधरा दिवसांनी ती बदललेले स्क्रीन घेऊन आली, आणि जुने स्क्रीन शेजारी लावले. पोर्टफोलिओत आज तेच दोन शेजारी-शेजारी आहेत. मुलाखतीत नुसत्या अंतिम स्क्रीनपेक्षा हा बदल आणि त्याचं कारण जास्त बोलतं.

मध्येच काय अडलं

चौथ्या भेटीत एकाने दुसऱ्याच्या अपुऱ्या लोगोचा फोटो काढून स्टोरीवर टाकला. हेतू कौतुकाचाच होता. पण लोगो क्लायंटला अजून दाखवलेला नव्हता आणि करारात गोपनीयतेचं कलम होतं. फोटो तासाभरात काढला, तरी ज्याचं काम होतं तो दोन भेटी आला नाही. यानंतरचा नियम: खोलीत फोटो फक्त स्वतःच्या कामाचा. नोकरीतलं किंवा क्लायंटचं काम प्रसिद्ध झाल्यावरच भिंतीवर, किंवा नाव-मजकूर बदलून आणि करार वाचून. हा नियम पहिल्या दिवशीच हवा होता, आणि तो तेव्हा नव्हता ही निमंत्रकांची चूक होती.

सहाव्या भेटीच्या सुमारास एका संस्थेने गटाला पोस्टर करून मागितलं, मोबदला नाही, "नाव होईल". दोघे उत्साहात, तिघे चिडलेले. गट म्हणून काम घ्यायचं नाही, असा निर्णय झाला. ज्याला वैयक्तिक घ्यायचं असेल त्याने घ्यावं, मात्र दोन गोष्टी लेखी ठरवून: किती वेळा बदल करून देणार आणि मूळ फाइल कुणाची. आमच्या मते हा गटाच्या आयुष्यातला सर्वात योग्य निर्णय. गटाने क्लायंट घेतला की क्रिटची जागा कामाच्या वाटणीवरचे वाद घेतात.

ज्यांच्याकडे दाखवायला कामच नव्हतं, त्यांच्यासाठी बंद पाकिटं केली. प्रत्येक पाकिटात १४ दिवसांचं एक छोटं ब्रीफ: माप, वापरणारा कोण, एक अडचण. उदाहरणार्थ, "थरथरणाऱ्या हाताने उघडता येईल अशी गोळ्यांची डबी, फक्त कागदी मॉडेल." पाकीट उचललं की पुढच्या भेटीच्या यादीत नाव लागतं. बेकार असण्याच्या काळात ब्रीफ आणि तारीख या दोन गोष्टींनी माणसाला किती आधार मिळतो, हे ज्याने तो काळ काढलाय त्याला सांगावं लागत नाही.

पाहुण्यांचा प्रश्न पुन्हा आला. आता पाहुणा चार भेटींतून एकदा येतो, स्वतःचं फसलेलं किंवा अपुरं काम आणतो, आणि त्याला २० स्लाइड, प्रत्येकी २० सेकंद मिळतात. ही पेचाकुचा या सादरीकरणाच्या पद्धतीची मर्यादा, अ‍ॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथॅम या वास्तुरचनाकारांनी २००३ मध्ये टोकियोत सुरू केलेली. एकूण ६ मिनिटं ४० सेकंद. त्यानंतर पाहुणाही इतरांसारखाच क्रिटला बसतो.

निमंत्रकही दमले. आठव्या भेटीपर्यंत खोली, निरोप, टेप, वेळ, सगळं दोघांवरच होतं. "सगळे मिळून करू" म्हटलं की काम त्याच दोघांकडे परत येतं आणि वर "तुम्हीच सगळं ठरवता" ही तक्रारही. म्हणून चार कामं वाटली: किल्ली, वेळ, निरोप, नोंद. प्रत्येक काम तीन भेटींसाठी एकाकडे, आणि सोडताना पुढच्याला अर्ध्या पानावर लिहून द्यायचं.

हजेरी

नोंदवहीतले बारा भेटींचे आकडे असे: ११, १२, १०, ९, ७, ७, ५, ८, ९, १०, १२, १२. सातव्या भेटीतला पाचाचा आकडा पाहून गट बंद करण्याची भाषा झाली होती. पाच जणांतही तीन कामं झाली, आणि ती भेट अनेकांना सर्वात उपयोगाची वाटली. तीन-चार महिन्यांनी अशी उतरण येतेच: नव्याचं अप्रूप संपलेलं असतं आणि सवय अजून लागलेली नसते. या काळात भेट रद्द करणं सर्वात घातक. एकदा रद्द झाली की पुढची होईल की नाही, याची खात्री कुणालाच राहत नाही.

आकडा वर आला तो एका साध्या कामामुळे. सलग दोन भेटी न आलेल्याला निरोपवाल्याने स्वतंत्र मेसेज करायचा, त्यात "का आला नाहीस" विचारायचं नाही. "तू सुचवलेला तो ग्रिड तिने वापरला, शनिवारी लावतेय, बघायला ये" असं काहीतरी. लोगोच्या फोटोच्या प्रकरणात दुखावलेला मुलगा अशाच एका मेसेजनंतर परत आला.

पुढचा पेच

बाराव्या भेटीनंतर प्रतीक्षायादीत आठ जण आहेत. संख्या वीसवर न्यावी असं काहींचं म्हणणं. वीस जणांत तीन कामं म्हणजे प्रत्येकाची पाळी साधारण तीन महिन्यांनी येईल, आज ती आठ आठवड्यांनी येते. त्यामुळे दुसरा गट काढायचं ठरतंय: जुने चार, नवे आठ, मधला शनिवार, तीच खोली. जुन्यांपैकी कोण जाणार यावर अजून एकमत नाही, कारण कुणालाच आपली बारा माणसं सोडायची नाहीत. तोवर टेप, टायमर आणि पाकिटांची दुसरी पिशवी भरून ठेवली आहे, आणि किल्लीवाल्याने मधल्या शनिवारांच्या तारखा ग्रंथालयाला लिहून दिल्या आहेत.